सगळं एकाच ऑनलाइन दुकानातून: कुठे निभावलं, कुठे अडलं?

आई-बाबा कणकवलीजवळच्या गावात, मी पुण्यात. 2021 च्या पावसाळ्यात बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. तेव्हापासून त्यांना लागणारं जवळजवळ सगळं मी एका मोठ्या ऑनलाइन दुकानातून मागवत आले. न्हाणीघरात बसायची खुर्ची, वॉकर, हवेची गादी, मोठ्यांचे डायपर. पुढे त्यांना पाणी गिळताना ठसका लागायला लागला, तेव्हा डॉक्टरांनी पाणी घट्ट करायची पावडर सांगितली. ती कणकवलीत मिळाली नाही, सावंतवाडीतही नाही. ऑनलाइन मागवली आणि पाचव्या दिवशी घरी. पत्त्यात मी "देवळामागे, फणसाखालचं घर" एवढंच लिहायचे. पार्सल आणणारा मुलगा "काकी, आलंय हां" अशी हाक मारून ओटीवर ठेवून जायचा. त्या दिवसांत या सोयीनं मला सावरलं, हे आधी सांगते.

मग गेल्या मार्चमध्ये एका सकाळी माझं खातं बंद. कारण काय, तर "संशयास्पद व्यवहार". वेगळ्या जिल्ह्यातल्या पत्त्यावर एकच वस्तू पुन्हा पुन्हा मागवली म्हणून असेल, असा माझा अंदाज. त्यांनी काही सांगितलं नाही. खात्यात भरून ठेवलेले 6,400 रुपये अडकले. डायपरची दोन पाकिटं वाटेत होती, ती परत फिरली. मी रोज फोन करायचे. दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून सगळं सांगायचं, आणि दर वेळी "24 ते 48 तासांत". तिकडे आईनं कपाटातली जुनी सुती लुगडी काढून फाडायला घेतली. ती फोनवर काही बोलली नाही, पण कापड फाटल्याचा आवाज मला ऐकू आला.

शेवटी जुन्या बिलावरून कणकवलीच्या मेडिकलवाल्या काकांचा नंबर शोधला. दोन वर्षांत मी त्यांच्याकडून एक गोळी घेतली नव्हती. त्यांनी ओळखलं, बाबांची चौकशी केली आणि संध्याकाळच्या एसटीत गठ्ठा टाकला. कंडक्टरनं तो फाट्यावर उतरवून दिला. पैशाचं म्हणाले, "सावकाश द्या."

खातं अकराव्या दिवशी आपोआप सुरू झालं. पण तेव्हापासून मला प्रश्न पडलाय, की एकाच ठिकाणावर किती विसंबायचं? तुमचे अनुभव लिहा. नुसतं चांगलं किंवा वाईट नको. काय मागवलं, काय झालं, मग तुम्ही काय केलं, ते लिहा.

अक्कलकुवा, जि. नंदुरबार

मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. पूर्वी प्रयोगाचं सामान आणायचं म्हणजे नंदुरबार नाहीतर सरळ सुरत. एक रजा आणि बसभाडं वेगळं. आता बहिर्वक्र भिंगं, पट्टी चुंबक, होकायंत्र, सगळं फोनवर निवडतो. बारा भिंगं आली त्या दिवशी पोरं मधल्या सुट्टीत जेवायला गेली नाहीत. पाचवीतल्या एका मुलीनं सागाच्या वाळक्या पानावर ऊन धरलं. आधी पांढरा ठिपका, मग तो तपकिरी झाला, मग बारीक धूर आणि भोक. ते पान तिनं वहीत जपून ठेवलंय.

अडचण शेवटच्या पंधरा किलोमीटरची आहे. खासगी कुरिअर आमच्या पाड्यापर्यंत येत नाही. मी शाळेच्या दारात उभा असताना मोबाइलवर संदेश येतो, "ग्राहक उपलब्ध नाही". असं तीनदा झालं की माल परत. म्हणून आता तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याचा पत्ता देतो. आणि विक्रेता पोस्टानं पाठवणारा असेल तर आधी त्याच्याकडून घेतो, कारण पोस्टमन पाड्यापर्यंत येतोच.

गावाचं नाव लिहीत नाही

स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झाल्यावर मला विशिष्ट प्रकारची ब्रा आणि आत घालायचं सिलिकॉनचं पॅड हवं होतं. आमच्या गावात कपड्याची तीन दुकानं, तिन्हींत काउंटरवर ओळखीचे पुरुष. विचारायची हिंमत झाली नाही. ऑनलाइन मागवलं, साध्या खोक्यातून आलं. पहिलं माप चुकलं, तेही कुणाला काही न सांगता परत करता आलं. पदर सारखा ओढून न घेता मी पुन्हा हळदीकुंकवाला गेले. तोट्यांची चर्चा जरूर करा, पण माझ्यासारख्या बायकांना ही वाट किती मोलाची आहे तेही धरा.

सांगली

मला दिसत नाही. बँकेत नोकरी करतो. आयुष्यभर दुकानात माझ्यासोबत येणाऱ्यानं माझा शर्ट ठरवला. दुकानदारही त्यालाच विचारायचा, "यांना कुठला दाखवू?" स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर फोनवर आलं आणि वयाच्या 34 व्या वर्षी मी पहिल्यांदा स्वतः शर्ट निवडला. गडद निळा, बारीक पांढऱ्या रेघांचा. रेघा मला दिसत नाहीत, पण त्या हव्यात हे मी ठरवलं.

आता त्रासाचं. ॲप बदललं की बटणांना नावं उरत नाहीत. फोन नुसतं "बटण, बटण, बटण" म्हणत राहतो. गेल्या वर्षी असा बदल झाला तेव्हा तीन आठवडे मला पैसे भरण्याच्या पानापुढे जाता येत नव्हतं. कळवलं तर "तुमचा अभिप्राय मोलाचा आहे" असं उत्तर. तीन आठवडे मी पुन्हा शेजाऱ्याच्या हातात.

कोल्हापूर

मी दुसऱ्या बाजूचा माणूस, विकणारा. आमच्या घरात चपला करायचं काम आजोबांपासून. 2019 साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, आपले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार मिळून. तेव्हा वाटलं, आता देशभर विकूया. भावानं एका मोठ्या ऑनलाइन दुकानावर खातं काढलं. पहिल्या महिन्यात गुवाहाटीहून ऑर्डर आली. वडील तो पत्ता दिवसभर प्रत्येकाला वाचून दाखवत होते. आमची चप्पल तिथवर जाईल असं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

हिशेब मात्र नीट ऐका. 1,150 ला जोड विकला, तर त्यांचं कमिशन, पाठवणावळ, ठरावीक शुल्क आणि वर दिसण्यासाठी जाहिरात असं सगळं वजा जाऊन आमच्या हातात साधारण 740. त्यात चामडं आहे आणि दोन दिवसांची मजुरी आहे. राज्याबाहेर ऑनलाइन विकायचं तर उलाढाल कितीही लहान असो, जीएसटी नोंदणी लागतेच. म्हणजे कारकुनी आली, तिचेही पैसे आले. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्या लहान विक्रेत्यांना 1 ऑक्टोबर 2023 पासून त्यातून सूट आहे, पण निम्मी मागणी बाहेरची असली तर तिचा उपयोग काय?

खरा मार परतीच्या मालाचा. शंभरातले वीस-बावीस जोड परत येतात. लोक दोन मापं मागवतात, एक ठेवतात, ते एक वेळ ठीक. पण काही जण लग्नात घालून परत करतात. मागच्या गणपतीनंतर एक जोड आला. वरून तेल लावून चकचकीत. उलटा केला तर तळाच्या शिवणीत लाल माती गच्च बसलेली, आणि डाव्या चपलेचा कान, म्हणजे बाजूचा चामड्याचा तुकडा, मुळापासून सुटलेला. आमची चप्पल चामड्याच्या वादीनं शिवतात, खिळा नसतो. सुटलेला कान पुन्हा शिवला तरी जुन्या भोकांच्या शेजारी नवी भोकं दिसतात. तो जोड नवा म्हणून विकता येत नाही. दोनदा तर खोक्यात आमची चप्पलच नव्हती, दुसरीच रेक्झिनची घातलेली. फोटो जोडून दावा केला. एक मंजूर, एक नामंजूर, आणि दोन्ही वेळी कारण नाही.

आमच्या पानाशेजारी 250 रुपयांना मशीनवरची रेक्झिनची चप्पल "अस्सल कोल्हापुरी" म्हणून विकली जाते. ग्राहकानं पहिल्यांदा ती घेतली, ती आठवड्यात फाटली, की तो म्हणतो कोल्हापुरी टिकत नाही. याचं दुःख पैशापेक्षा जास्त आहे.

तरी खातं बंद केलेलं नाही. पण आता प्रत्येक खोक्यात वडिलांच्या अक्षरातली चिठ्ठी घालतो: चप्पल भिजली तर सावलीत वाळवा, उन्हात नको, महिन्यातून एकदा एरंडेल लावा. दुरुस्तीला कधीही घेऊन या, फुकट करून देऊ. अंबाबाईच्या दर्शनाला आलेली माणसं ती चिठ्ठी घेऊन दुकान शोधत येतात.

डोंबिवली

मी पार्सल पोचवतो. भिवंडीच्या गोदामातून गाडी येते, आमच्या केंद्रावर पहाटे माल वाटला जातो. दिवसाला सत्तर-ऐंशी पार्सलं. पैसे पार्सलमागे. दार उघडलं नाही, फोन उचलला नाही, तर त्या फेरीचं काही मिळत नाही. रोखीचे पैसे रात्री मोजताना कमी भरले तर आमच्याकडून कापतात. अक्कलकुव्याचे सर, तुमच्या बाबतीत झालं ते चुकीचंच झालं. पण कधी कधी वेळेत पार्सल संपणार नाही असं दिसलं की वरूनच "ग्राहक उपलब्ध नाही" टाकायला सांगतात, हेही खरं आहे.

एक विनंती. ओटीपी लागणार असेल तर बेल वाजायच्या आधी हाताशी ठेवा. चौथ्या मजल्यावर लिफ्ट नसताना पाच मिनिटं उभं राहिलं की पुढची दोन घरं चुकतात. आणि इमारतीची विंग लिहा.

*(धागाकर्ती, म्हणजे हा धागा सुरू करणारी मी: दादा, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. माझ्या आईला "काकी" म्हणणाऱ्या मुलाला पार्सलमागे किती मिळतं, हे मी कधी विचारलंच नव्हतं.)*

नागपूर

निवृत्त आहे, म्हणून सविस्तर लिहितो. कोणाला तरी उपयोगी पडेल. 43 इंची टीव्ही मागवला. भिंतीवर लावायला माणूस आला सहाव्या दिवशी. लावून सुरू केला तर पडद्यावर उभी हिरवी रेघ. तो म्हणाला, पॅनेल आतून दबलंय, आमच्या वॉरंटीत येत नाही, विकणाऱ्याला सांगा. विकणारा म्हणाला, कंपनीला सांगा. दुकान म्हणालं, आम्ही नुसतं व्यासपीठ, आणि असं म्हणता म्हणता दहा दिवसांची मुदत संपवली.

मी मग 2020 चे ई-कॉमर्स नियम काढून वाचले. ग्राहक संरक्षण कायद्याखालचे आहेत, जुलै 2020 पासून लागू. त्यांप्रमाणे प्रत्येक ऑनलाइन दुकानानं तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यायचा असतो. त्यानं 48 तासांत तक्रार मिळाल्याची पोच द्यायची आणि महिन्याच्या आत निवारण करायचं. हे नाव ॲपमध्ये पार तळाशी, बारीक अक्षरात असतं. ग्राहक सेवेच्या चॅटवर वेळ न घालवता सरळ त्या अधिकाऱ्याला मेल केला. बिल, खोकं फोडतानाचा व्हिडिओ, तंत्रज्ञाचा लेखी शेरा जोडला. सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 ला, तक्रार नोंदवली. महिना उलटला तरी हललं नाही, तेव्हा ग्राहक आयोगात ऑनलाइन अर्ज भरला. दोन गोष्टी लोकांना माहीत नसतात. एक, आपण राहतो त्या जिल्ह्यातच अर्ज करता येतो, कंपनीच्या गावी जावं लागत नाही. दुसरी, 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. वकीलही लावला नाही. नोटीस गेली आणि पहिल्या तारखेच्या आधीच पूर्ण पैसे परत आले.

चार महिने गेले, आणि तेवढे दिवस ती हिरवी रेघ भिंतीवर होती. इतवारीतल्या दुकानातून घेतला असता तर दुसऱ्या दिवशी बदलून मिळाला असता काय? खात्रीनं सांगता येत नाही. तिथलेही कंपनीकडे बोट दाखवतातच. पण तिथे निदान समोर उभं राहून बोलता येतं.

नाशिक

थोडक्यात लिहिते. स्वस्त दिसला म्हणून प्रेशर कुकर मागवला, आणि आयएसआयचं चिन्हच नाही. घरगुती कुकरला ते चिन्ह फेब्रुवारी 2021 पासून सक्तीचं आहे, आणि 2022 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं असे कुकर विकू दिल्याबद्दल मोठ्या ऑनलाइन दुकानांना दंडही केला होता. माझा परत घेतला, पैसे मिळाले, तक्रार नाही. पण त्यावर हजारभर लोकांचे पाच-पाच तारे होते. तेव्हापासून गॅसवर चढणारी आणि विजेवर चालणारी वस्तू मी भांडी गल्लीतून, हातात घेऊन, बूड ठोकून बघूनच घेते. पुस्तकं, वह्या, चादरी मात्र ऑनलाइनच.

धागाकर्ती

सगळे प्रतिसाद आईला फोनवर वाचून दाखवले. कोल्हापूरच्या दादांचा जोड परत आल्याचं ऐकून ती बराच वेळ गप्प होती. नंतर तिनं बाबांच्या जुन्या चपलेचं माप काढून घेतलं. ते आता चालत नाहीत, तरी.

मी एवढं केलंय: खात्यात पैसे भरून ठेवणं बंद, डायपरचा पंधरा दिवसांचा साठा घरात, आणि दर महिन्याचा अर्धा माल कणकवलीच्या काकांकडून. थोडा महाग पडतो. परवा त्यांना विचारलं, ती पाणी घट्ट करायची पावडर तुम्ही ठेवाल का? म्हणाले, "आणतो की. आणखी दोन घरांत लागते, वागद्यात एक आणि फोंड्याला एक. तेही मुंबईच्या मुलांकडून मागवतात."