मदत हवी आहे: पत्रिकेवर इंग्रजी वळणदार फॉन्टसोबत देवनागरी कोणता?

नमस्कार मंडळी. परभणीत डीटीपीचं काम करतो. लग्नसराईचं एक काम अडलंय. पोरगी पुण्यात नोकरीला, तिला पत्रिकेत नावं इंग्रजीत 'स्नेल राउंडहँड'मध्येच पाहिजेत. मॅथ्यू कार्टर यांनी 1966 च्या सुमारास चार्ल्स स्नेल या जुन्या इंग्रज सुलेखनकाराच्या वळणावरून केलेला फॉन्ट. दिसायला देखणाच: तिरपा, अक्षराला अक्षर जोडलेलं, कॅपिटलला मोठे झोकदार फाटे. पण तिच्या वडिलांना सगळं नाव कॅपिटलमध्ये हवं होतं. काढून दाखवलं, तर फाट्यांत फाटे अडकून नुसता गुंता! तेव्हा कुठं काका गप बसले.

खरी अडचण पुढं आहे. खाली 'चि. सौ. कां.' आणि मुहूर्त मराठीत. त्या इंग्रजी अक्षरातली जाड-बारीक रेघ टोकदार निबावर दाब दिल्यानं येते, आपली तिरप्या कापलेल्या बोरूनं. त्यामुळं दोन्ही शेजारी ठेवले की सोयरीक जुळत नाही बघा. देवनागरी तिरपी करून पाहिली, पण 'श्री' कलंडल्यासारखा दिसतो.

दुसरं, सोनेरी फॉइलच्या नमुन्यात पत्ता 9 पॉइंटला टाकला तर 'एल'ची बारीक रेघ मधेच तुटली. पत्ता साध्या फॉन्टमध्ये घेऊ, की अक्षराला हलकी आउटलाइन देऊ?

बारीक रेघेचा, युनिकोड देवनागरी फॉन्ट कुणी वापरलाय का? छापलेल्या पत्रिकेचा फोटो टाकलात तर फार बरं. शुक्रवारी छपाईला द्यायचंय.