सफारीला कोणती दुर्बीण न्यावी?

या प्रश्नावर दोघांनी सफारीसाठी १०×५० दुर्बीण सुचवली आहे, म्हणजे दहापट मोठं दाखवणारी आणि पुढची भिंगं ५० मिलिमीटर रुंद असलेली. माझं मत वेगळं. दहापटीत हाताची थरथरही दहापट दिसते, वर ते धूड गळ्यात वागवायचं! ८×४२ पुरे. ४२ ला ८ ने भागलं की सव्वापाच मिलिमीटर येतात; दुर्बिणीतून डोळ्याकडे येणारा प्रकाशझोत एवढा रुंद असतो. पहाटेच्या अंधुक उजेडात डोळ्याची बाहुली मोठी होते तेव्हा तो कामी येतो. झुडपाआड नुसता कान हलला तरी कळतं. ८×३२ हलकी, पण तिचा झोत चारच मिलिमीटरचा. चष्मा असेल तर डोळ्याकडच्या रबरी वाट्या आत फिरवा, नाहीतर अर्धंच दृश्य दिसतं.

आणि गाडी पळवत शोधण्यापेक्षा इंजिन बंद करून बसा. हरणांचा कळप एकाच दिशेला कान टवकारून थिजला, की तुम्हीही तिकडेच बघा. शिकारी प्राणी पुढे सरकला तर त्यांच्या माना त्याच्यामागे वळत जातात.

सफारीला जाताना जेवायचं कधी, असाही प्रश्न होता: निघण्यापूर्वी थोडंच खा, बाकीचं परतल्यावर. उघड्या गाडीत डबा उघडलात तर माकडं आधी येतील. डोंगरकड्यावरचा सूर्यास्त बघायचा असेल तर परतीसाठी बॅटरी आठवणीने घ्या, मी एकदा विसरलोय.