घरच्या हवामान केंद्राच्या नोंदींवरून तापमान आणि दाबाचा कल कसा मांडावा?

गच्चीवरचा निरीक्षक (प्रश्न)

कोथरूडमधील आमच्या इमारतीच्या गच्चीवर गेल्या हिवाळ्यापासून घरगुती हवामान केंद्र चालू आहे. सोसायटीच्या दिवाळी अंकासाठी त्याच्या नोंदींवर लेख लिहायचा असून, केवळ आकड्यांचे तक्ते न देता तापमान आणि दाब कसे बदलत गेले ते शब्दांत सांगावे, अशी माझी इच्छा आहे. जानेवारी ते ऑगस्टच्या नोंदींतून सरळ रेषा काढली, तर दाब सतत उतरताना दिसतो. तापमानाची रेषा मात्र बरीचशी आडवी येते आणि एप्रिलचा कडक उन्हाळा तिच्यात कुठेच दिसत नाही. शिवाय रोज दुपारी दाब तीन-चार हेक्टोपास्कलने खाली येतो, यंत्राच्या पडद्यावर वादळाचे चिन्ह उमटते आणि आकाश निरभ्रच राहते. यांपैकी कोणत्या बदलाला कल म्हणावे?

दाबमापक

दुपारचा उतार खरा आहे, पण त्याचा वादळाशी संबंध नाही. सूर्याच्या उष्णतेने वरच्या थरांतील ओझोन आणि खालच्या थरांतील बाष्प तापते, त्यातून संपूर्ण वातावरणात दिवसातून दोनदा भरती-ओहोटी येते आणि उष्ण कटिबंधात ती सर्वांत ठळक असते. स्थानिक सौर वेळेनुसार, म्हणजे सूर्य माथ्यावर येतो तेव्हा दुपारचे बारा धरून, सकाळी व रात्री दहाच्या सुमारास दाब सर्वाधिक असतो, तर पहाटे व दुपारी चारच्या सुमारास सर्वांत कमी. पुण्याची सौर वेळ घड्याळाच्या सुमारे ३५ मिनिटे मागे असल्याने आपल्याला हे टप्पे साडेदहा आणि साडेचारच्या आसपास दिसतात. समशीतोष्ण प्रदेशात, जिथे ही भरती-ओहोटी क्षीण असते, तिथले आडाखे वापरणारे यंत्र आपल्या रोजच्या उताराला वादळ समजते.

म्हणून आजच्या चारच्या दाबाची तुलना सकाळच्या दहाशी न करता कालच्या चारशी करावी. हवामान विभागातही २४ तासांतील दाबबदल स्वतंत्रपणे पाहिला जातो, तो याच कारणाने. ३ जून २०२० रोजी अलिबागजवळ किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग चक्रीवादळासारखी प्रणाली जवळ येते, तेव्हाची घसरण या तुलनेतही टिकून राहते.

आणखी एक बाब तपासाच, कारण माझ्या मते घरगुती नोंदींत सर्वाधिक गोंधळ तिथेच होतो. पडद्यावरचा दाब प्रत्यक्ष जागेवरचा आहे की समुद्रसपाटीवर तो किती असता, तसा हिशेब करून दाखवलेला? सुमारे ५६० मीटर उंचीवर प्रत्यक्ष दाब ९५० हेक्टोपास्कलच्या आसपास असतो. १०१० च्या जवळचे आकडे दिसत असतील, तर यंत्र त्यात उंचीची भर घालत आहे. ही भर हवेच्या तापमानावर अवलंबून असते. यंत्र त्या क्षणाचे तापमान वापरत असेल, तर १५ अंश आणि ३० अंश यांमुळे हिशेबात तीन हेक्टोपास्कलहून अधिक फरक पडतो आणि दुपारचा उतार प्रत्यक्षापेक्षा मोठा दिसतो. आताचे आणि १२ तासांपूर्वीचे तापमान यांची सरासरी वापरली, तर हा दोष बराच कमी होतो. कलासाठी मी प्रत्यक्ष जागेवरचा मूळ दाबच वापरेन.

सावलीतला पारा

तापमानाबाबत थोडे लिहितो. पुण्याचे वर्ष एकाच चढाचे किंवा उताराचे नाही: एप्रिल-मेमध्ये शिखर, पावसाळ्यात घसरण, ऑक्टोबरात पुन्हा उकाडा आणि मग थंडी. अशा वळणांतून सरळ रेषा ओढली की ती कुठून सुरू केली आणि कुठे थांबवली, एवढेच तिच्यातून कळते. दैनिक कमाल आणि किमान यांच्या मासिक सरासऱ्या वेगवेगळ्या मांडा, कारण त्यांच्यातील अंतर स्वतःच बोलके असते. निरभ्र, कोरड्या हिवाळ्यात ते खूप मोठे असते आणि ढगाळ श्रावणात अगदी आक्रसते. मात्र सेन्सर सिमेंटच्या स्लॅबलगत किंवा उन्हात असेल, तर आधी त्याला हवेशीर, पांढऱ्या झडपांच्या पेटीत ठेवा, अन्यथा कमाल तापमान हवेचे नसून गच्चीचे असेल.

गच्चीवरचा निरीक्षक

दोघांचेही मनापासून आभार. मूळ दाब वेगळा साठवला जातो, हे पाहिले. असे लिहिले तर चालेल का: “जानेवारीपासून जुलैपर्यंत दाबाची मासिक सरासरी उतरत गेली आणि ऑगस्टमध्ये ती किंचित सावरली, कमाल तापमान एप्रिलनंतर घटले, किमान तापमान मात्र पावसाळ्यातही हिवाळ्याच्या बरेच वर राहिले. आमच्या परिसरातील हवामान बदलत असल्याचे यातून दिसते.”

दाबमापक

पहिले वाक्य उत्तम आहे. हिवाळ्यातील जास्त दाब आणि पावसाळ्यात उत्तर भारतावर स्थिरावणारा कमी दाबाचा पट्टा यांतील हा दरवर्षीचा फरक आहे, तसे एका ओळीत सांगा. दुसरे वाक्य काढून टाकावे, ही आग्रहाची विनंती. हवामानाची सरासरी ३० वर्षांवर ठरते, सध्या १९९१ ते २०२० हा काळ आधार मानतात, आणि एका वर्षाच्या नोंदींतून ऋतुचक्र दिसते, हवामानबदल नव्हे. पुढच्या वर्षी याच महिन्यांशी तुलना करता यावी म्हणून सेन्सरची जागा, उंची आणि तो कधी हलवला त्या तारखा लेखाच्या शेवटी अवश्य छापा.