पार्टीच्या पगारी पोरांचा खर्च नक्की कुणाच्या खात्यावर?

डिचोलीकर:
भाच्याला एका पार्टीसाठी काम मिळतंय, घरोघरी फिरून मोबाईलवर माहिती भरायची, महिना अठरा हजार आणि पेट्रोल वेगळं, २०२७ च्या गोवा विधानसभा निवडणुकीपर्यंत. पोरगा खूश आहे. मला प्रश्न पडलाय की उमेदवाराला खर्चाची २८ लाखांचीच मर्यादा आहे ना, मग चाळीस मतदारसंघांत अशी पोरं ठेवली तर पगार दाखवतात कुठे?

फोंड्याचा अकाउंटंट:
२८ लाख उमेदवाराला हो, पार्टीला मर्यादाच नाही! आपल्याकडे २०२२ च्या जानेवारीत २० चे २८ केले. आणि तो हिशोब अर्ज भरल्यापासून निकालापर्यंतचाच, तुमचा भाचा आत्ता फिरतोय तेव्हा अजून तिकीटसुद्धा कुणाला दिलेलं नाही, मग घालणार कुणाच्या नावावर? १९७४ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं होतं की पार्टीने उमेदवारासाठी केलेला खर्च त्याच्यातच धरा, तर लगेच कायदा बदलून ती वाट बंद केली. पार्टीच्या वार्षिक ऑडिटमध्ये कर्मचारी खर्च असा रकाना असतो, निवडणूक आयोगाच्या साईटवर सापडेल, पण मोठ्या पार्ट्यांचा तो सगळ्या देशाचा एकत्र आकडा, त्यात गोवा शोधत बसा.

साखळीची मी:
त्या रकान्यातपण ही पोरं नसतात ओ. मी २०२२ ला असंच काम केलंय. गळ्यात पार्टीचं कार्ड, पगार मात्र एजन्सीकडून, म्हणजे पार्टीच्या वहीत फक्त एजन्सीचं बिल. रोज साठ घरं, पर्ये-केरीकडे नेटवर्क नाही म्हणून वहीत लिहून आणायचं आणि रात्री घरी बसून भरायचं, आणि आकडा कमी पडला की त्या दिवसाचे पैसे कट. १४ फेब्रुवारीला मतदान झालं आणि दुसऱ्या दिवशी आमचा ग्रुपच डिलीट! शेवटच्या महिन्याचे पैसे अजून यायचेत 😀 पार्टीच्या ऑफिसात गेले तर म्हणतात तू आमची स्टाफ नाहीस, एजन्सीला विचार, आणि एजन्सीचा फोन बंद.

फोंड्याचा अकाउंटंट:
@साखळीची मी, नेमणुकीचं लेटर होतं?

साखळीची मी:
कसलं लेटर, व्हॉट्सॲपवर "उद्यापासून ये" एवढंच.

डिचोलीकर:
भाच्याला आत्ताच फोन केला, त्यालापण व्हॉट्सॲपवरच आलंय. लेटर मागायला सांगितलं तर म्हणतो मामा मागितलं तर घेणार नाहीत.