सिग्नेचर साउंड म्हणे! सही आहे की रबरी शिक्का?

बेसूर बंड्या
काल इथेच एकाने गाणी बनवणाऱ्या नव्या प्रोड्युसरांना सिग्नेचर साउंडसाठी, म्हणजे ऐकताच ओळखू येणाऱ्या आवाजासाठी, सल्ला दिला: एकच सिंथ (आवाज तयार करणारं वाद्य), एकच ड्रम किट, दोन प्रीसेट (त्यातले तयार आवाज) धरा, दोन वर्षं काही बदलू नका, सुरुवातीला आपला टॅग, म्हणजे आपल्या नावाची हाक, ठोका. लोक तीन सेकंदांत ओळखतील. खाली अंगठ्यांची रांग. झोप उडाली म्हणून लिहितोय.

अहो, दर वेळी हुबेहूब तोच उमटतो तो शिक्का. सही दर वेळी जराशी वेगळी पडते, तरी बँकेतला माणूस ओळखतो. पंचमदांनी 'पडोसन'मध्ये (1968) कंगवा घासला, 'चुरा लिया'ला (1973) ग्लासवर चमचा वाजवला, 'शोले'त (1975) बाटल्यांत फुंकर मारली. म्हणून काय जन्मभर कंगवाच घासत बसले? वस्तू नवी, माणूस तोच, आणि ओळखू यायचा तो माणूस. ठेक्यात जागा कुठे सोडायची, बेस कुठे रोखून धरायचा, तिथे सही असते.

मी स्वतः चार वर्षं एकाच प्लकवर, म्हणजे तार छेडल्यासारख्या सिंथच्या आवाजावर, काढली. गणपतीला तोच, हळदीला तोच, एका मसाल्याच्या जाहिरातीलाही तोच. मसालेवाला ऐकून म्हणाला, "दादा, आरती कधी सुरू होणार?"

लो एंड लक्ष्या
पंचमदांच्या दिमतीला वादकांचा ताफा होता. आमच्याकडे आठ जीबी रॅम आणि वर पंखा. गरिबाने कंगवा घासला तर शेजारी विचारतात, उवा झाल्यात का.
आणि अमेरिकेचा हिपहॉप प्रोड्युसर जे डिला? एमपीसी 3000 या ड्रम मशीनवर ठेका जरासा मागेपुढे पाडून वाजवायचा. ते मशीन आज वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या संग्रहालयात आहे. एका मशीनवरच नाव झालं ना?

बेसूर बंड्या
मशीन संग्रहालयात आहे, हात नाही. तेच मशीन हजारोंनी घेतलं होतं, डिला किती झाले? तुम्ही माझीच बाजू मांडलीत, आभार.

पेनड्राइव्ह पाटील
टॅगला हसणाऱ्यांनी एकदा लग्नसराईत फिरून बघा. माझे तीन रिमिक्स दुसऱ्याच्या नावावर डॉल्बीवर वाजतात. टॅग नसता तर हे माझं काम आहे हे सांगायला माझ्याकडे काय होतं?

लो एंड लक्ष्या
पाटील, रिमिक्स मुळात कुणाच्या गाण्याचे होते?

पेनड्राइव्ह पाटील
विषय तो नाही.

मिरज मेल
बंड्याभाऊ, एका आवाजानेही सही होते, माझंच सांगतो. 2017 साली सांगलीकडच्या एका हलगीवाल्या काकांना स्टुडिओत बोलावलं. स्टुडिओ म्हणजे भिंतीला गाद्या टेकवलेली खोली. काकांनी अंगणात रद्दी पेटवून हलगी शेकली, आत आले, दोन मिनिटं कडक वाजली आणि मग आवाज बसायला लागला. म्हणाले, "तो एसी बंद करा, कातडं गार पडतंय." एसी बंद, घामाच्या धारा, दर टेकला बाहेर जाऊन पुन्हा शेकणं. सातव्या टेकला जे आलं ते मला परत कधीच मिळालं नाही.
तो तुकडा मी तीसेक गाण्यांत वापरला. कधी पिच उतरवून, कधी उलटा, कधी नुसती पहिली थाप. आज वरातीत वाजला की लोक म्हणतात, हे तुझंच. झाली ना सही?

फडावरचा
"तुझंच"? माझे वडील पस्तीस वर्षं हलगी वाजवतात. काकांना दिले किती?

मिरज मेल
पंधराशे आणि जेवण. तेव्हाचा रेट तोच होता.

फडावरचा
तीस गाणी. गाण्यामागे पन्नास रुपये. जेवण वेगळं धरू.

मिरज मेल
मग मी चोर का? त्यांनी मागितले तेवढे दिले. माइक माझा, खोली माझी, त्या तुकड्यावर रात्री जागवल्या मी. हलगी गावोगाव वाजते, मग प्रत्येकाची सही का होत नाही?

फडावरचा
चोर शब्द तुम्ही काढलात. मी फक्त भागाकार केला.

जुना रेकॉर्डिस्ट
हे काही नवीन नाही. 1969 साली द विन्स्टन्स या अमेरिकन बँडच्या 'आमेन, ब्रदर'मध्ये सहा-सात सेकंदांचा ड्रमचा तुकडा होता. त्यावर पुढे 'जंगल' आणि 'ड्रम अँड बेस' या नाचाच्या संगीतप्रकारांचे आख्खे संसार उभे राहिले. वाजवणारा ग्रेगरी कोलमन 2006 मध्ये कफल्लक अवस्थेत गेला. 2015 मध्ये चाहत्यांनी वर्गणी काढून सुमारे 24,000 पाउंड दिले, तेही बँडच्या प्रमुखाला. ड्रमर होता कुठे घ्यायला?
आपल्याकडे 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर वाजवणाऱ्यालाही व्यावसायिक वापरावर रॉयल्टीचा हक्क आहे. कागदावर. माझ्या उमेदीत व्हाउचरवर सही घेतली की विषय संपायचा. बघा, सही तिथेही होतीच.

बेसूर बंड्या
मंडळी, धागा सिग्नेचर साउंडचा होता. हिशेबाचा वेगळा काढा.

फडावरचा
वेगळा कशाला? तुम्हीच म्हणालात, ओळखू येतो तो माणूस, वस्तू नव्हे. मग मिरजकरांच्या तीस गाण्यांत ओळखू येणारा माणूस कोण?

बेसूर बंड्या
...कोंडीत पकडलंत. मान्य. अर्धं. तुकडा कुठे ठेवायचा, कधी गप्प करायचा हे मिरजकरांचं, तेवढं तरी त्यांच्या पदरात टाका.

फडावरचा
टाकलं. पन्नास टक्के मिरजकरांचं, पन्नास रुपये काकांचे.

पेनड्राइव्ह पाटील
म्हणून सांगत होतो, टॅग लावा.

लो एंड लक्ष्या
पाटील, बसा.

मिरज मेल
टोमणे पोचले. रात्री ती मूळ फाइल उघडली. सातव्या टेकच्या शेवटी काकांचा आवाज आहे, "झालं का रं?" एवढी वर्षं मी तो कापूनच तुकडा लावत आलो.
वाकलो वगैरे समजू नका, पंधराशे तेव्हा कमी नव्हते. पण पुढच्या गाण्याला क्रेडिटमध्ये त्यांचं नाव टाकतो. जुन्या नंबरवर फोन केला, नातवाने उचलला. पुढच्या रविवारी येतायत. रेट नातू ठरवणार म्हणे.

फडावरचा
रद्दी जास्त ठेवा. आणि एसी आधीच बंद करा.