दाढ काढल्यावर खळगा भरत नाही; बायोप्सी करावी का?

रामबागकर (इंदूर):
माझे सासरे ६४ वर्षांचे असून त्यांना जुना मधुमेह आहे. उजवीकडची वरची दाढ काढून सहा आठवडे झाले, तरी खळगा भरलेला नाही; आत राखाडी हाड उघडे दिसते, शेजारचे दोन दात हलतात आणि दाढी करताना त्या गालाला वस्तरा लागलेलाही त्यांना कळत नाही. अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले. आता बुरशीच्या संशयाने बायोप्सी सांगितली आहे, पण चाकू लावला की रोग पसरतो, असे घरातील वडीलधारे म्हणतात. दिवाळी होईपर्यंत थांबावे काय?

मुखशल्यतज्ज्ञ:
कृपया एक दिवसही थांबू नका. म्युकर ही बुरशी रक्तवाहिन्यांत शिरते, तिथे गुठळ्या होतात आणि रक्ताअभावी हाड मरते. मेलेल्या हाडापर्यंत औषध पोहोचत नाही, म्हणून ते हाड बहुधा काढावेच लागते. बायोप्सीने ती पसरत नाही. वरच्या जबड्याला सायनस लागून असल्यामुळे डोळा आणि मेंदू तिथून दूर नाहीत, तेव्हा डोळा सुजला किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर रात्र असली तरी इस्पितळ गाठा. साखर आजच तपासून घ्या; ती आटोक्यात आल्याशिवाय कोणताही उपचार नीट लागू पडत नाही.

सूक्ष्मदर्शक:
मी प्रयोगशाळेत काम करते. तुकडे दोन बाटल्यांत द्यायला सांगा, एक फॉर्मेलिनमध्ये आणि एक सलाइनमध्ये. फॉर्मेलिनमध्ये बुरशी मरते व कल्चर, म्हणजे ती वाढवून ओळखण्याची चाचणी, करता येत नाही. तशी एकटी बाटली हाती आली की फार हळहळ वाटते. म्युकरचे तंतू फितीसारखे रुंद, जवळजवळ बिनपडद्याचे (आतले आडवे पडदे नसलेले) आणि बऱ्याचदा काटकोनात फुटणारे असतात, तर ॲस्परजिलस या दुसऱ्या बुरशीचे बारीक, पडदे असलेले आणि लघुकोनात फुटणारे. व्होरिकोनॅझोल हे बुरशीविरोधी औषध ॲस्परजिलसवर चालते, म्युकरवर चालत नाही, म्हणून हे ओळखणे इतके महत्त्वाचे.

लेक:
२०२१ च्या मे महिन्यात माझ्या आईला हाच आजार झाला होता. ॲम्फोटेरिसिन हे बुरशीवरचे औषध चढवताना तिला हुडहुडी भरे, आणि पोटॅशियम उतरे म्हणून वरचेवर रक्त तपासावे लागे. वरचा अर्धा जबडा काढल्यावर चहाचा घोट नाकातून येई. पुढे ऑब्ट्युरेटर, म्हणजे टाळूचे भोक बुजवणारी कवळी बसली, त्या दिवशी तिने पोहे मागितले, मऊ भिजवलेले, आणि वर शेवही घालायला लावली.

रामबागकर:
आपणा सर्वांची ऋणी आहे. आज सकाळी तुकडे दिले, दोन बाटल्यांत. साखर ३१० निघाली. इन्सुलिन सुरू झाले आहे.