घोडीला जठराचा अल्सर असेल का? तपासणी आणि उपचार

प्रश्न : वाघोलीकर
आमची काठेवाडी घोडी वाघोलीजवळच्या तबेल्यात असते. गेल्या काही आठवड्यांपासून ती चंदी (दाण्याचा खुराक) अर्धवट टाकते, कडबा मात्र खाते. तंग (खोगिराचा पोटपट्टा) कसू लागताच कान मागे पाडून मोतद्दाराच्या हातावर तोंड टाकते. चंदी सकाळ-संध्याकाळ मिळते, रपेट मात्र पहाटे उपाशीपोटीच होते. पायाच्या सुजेसाठी मध्यंतरी फेनिलब्युटाझोन चालू होते. हा अल्सर असेल का? माणसांची ओमेप्राझोल (आम्ल कमी करणारे औषध) कॅप्सूल चालेल का?

उत्तर : रपेटवाला
चंदीत खाण्याचा सोडा मिसळून पाहा. आमच्याकडे आराम पडतो.

उत्तर : पशुवैद्य, हडपसर
सोड्याचा परिणाम फार थोडा वेळ टिकतो, त्याने व्रण (अल्सर) भरत नाहीत. घोड्याच्या जठरात आम्ल चोवीस तास स्रवते, पण ते सौम्य करणारी लाळ केवळ चावतानाच सुटते. म्हणून रिकाम्या पोटी दौडवलेल्या जनावराच्या जठरातले आम्ल उसळून वरच्या, संरक्षण नसलेल्या अस्तरावर जाते. फेनिलब्युटाझोनसारख्या वेदनाशामकांमुळे खालच्या भागातही व्रण होऊ शकतात. आपल्या घोडीच्या बाबतीत दोन्ही कारणे एकत्र दिसतात, तरी तंगाची चीड पाठदुखीमुळे किंवा खोगीर नीट न बसल्यानेही येते. खात्री होते ती गॅस्ट्रोस्कोपीनेच. त्यासाठी सुमारे तीन मीटर लांबीची दुर्बीण लागते आणि आधी रात्रभर चारा बंद ठेवावा लागतो.

नेहमीचा उपचार म्हणजे वजनाच्या प्रतिकिलो 4 मिलिग्रॅम ओमेप्राझोल, दिवसातून एकदा, साधारण 28 दिवस. 400 किलोच्या घोडीला हे 1600 मिलिग्रॅम होते, म्हणजे माणसांच्या 20 मिलिग्रॅमच्या 80 कॅप्सूल! शिवाय आतले दाणे कुटले की त्यांचे आवरण जाते आणि औषध आम्लातच निकामी होते. त्यापेक्षा घोड्यांसाठीची पेस्ट बरी, ती उपाशीपोटी द्यावी. खालच्या भागात व्रण असल्यास जोडीला बहुधा सुक्रालफेट (व्रणावर थर धरणारे औषध) द्यावे लागते. फेनिलब्युटाझोन पुन्हा सुरू करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोला.

खुराक तसाच राहिला तर व्रण पुन्हा होतात, आणि माझ्या मते आपल्याकडे खरी ढिलाई इथेच होते. धान्य कमी करून तेही लहान लहान वाटण्यांत द्या, रात्री गव्हाण रिकामी राहू देऊ नका. लसूणघासातील कॅल्शियम आम्ल सौम्य करते, तेव्हा थोडा लसूणघास रोज असावा.

वाघोलीकर
आभारी आहे, डॉक्टर. पण पेस्ट उपाशीपोटी द्यायची आणि रपेट उपाशीपोटी नको, हे कसे जुळवावे?

पशुवैद्य, हडपसर
पहाटे ताजा चारा टाकण्यापूर्वी पेस्ट द्यावी, अर्ध्या-पाऊण तासाने एक-दोन ओंजळी चिरलेला लसूणघास खाऊ घालावा आणि मगच खोगीर चढवावे. मोतद्दाराला तेवढे लवकर उठावे लागेल.